खाणावळीचे पंचांग

आमच्या पेडणे व डिचोली तालुक्यांतील लहान खाणावळींत शिरल्यावर गिऱ्हाईक प्रथम विचारते, "आज काय आहे?" साखळी-उपाहारगृहांत हा प्रश्नच संभवत नाही. १९९६ साली मॅकडॉनल्ड्सने दिल्ली व मुंबई येथे आपली भारतातील पहिली दुकाने उघडली. ठरल्या मापाचा, ठरल्या वेळात तळलेला पदार्थ गावोगाव एकाच चवीचा देणे, ही अशा दुकानांची रीत. तिचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ सालापासून मोपाच्या विमानतळावर परके प्रवासी उतरू लागले आहेत. त्यांस ओळखीच्या चवीचा, ठाऊक असलेल्या दराचा व स्वच्छतेचा आधार वाटतो. स्वच्छतेचा धडा तर आमच्या कित्येक खाणावळींनीही गिरवावा.

परंतु या एकसारखेपणात ऋतूला जागा नाही. आमच्या खाणावळीला मात्र स्वतःचे पंचांग असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. मग ताटात सुक्या सुंगटांची किसमूर येते. पाऊस स्थिरावला की टाकळ्याची भाजी, जिला आम्ही घरी तायकिळो म्हणतो. श्रावणात मासळी दिसेनाशी होते आणि खतखते रांधले जाते. हुमणाचा तिखटपणा हरमलच्या मिरचीचा, आणि ती मिरची पेडण्याच्याच मातीतली.

हे पंचांग माणसांचेही असते. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीकडील ट्रकचालकांची व मजुरांची मिळकत आटली. त्या दिवसांत वहीत नाव मांडून जेवू घालणारे खाणावळवाले आम्ही पाहिले आहेत. गिऱ्हाईकाची अडचण त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणे हे ठरावीक नियमांच्या दुकानास कसे साधावे?

विद्यार्थिमित्रांनो, अशा खाणावळी चालवणाऱ्यांची मुले आमच्या वर्गांत बसतात. पहाटे नारळ खवून, वाटाणे शिजत घालून ती शाळेत येतात. आईबापांस वाटते, शिकलेल्या मुलाने चुलीपाशी राहू नये. त्यामुळे एकेक खाणावळ बंद होत आहे. मुलांनी शिकावे, हवा तो व्यवसाय करावा. परंतु घरचा धंदा विचारला असता यांतील काही मुले आवाज खाली घेऊन उत्तर देतात. तो त्यांनी खाली घेऊ नये, एवढ्याचसाठी आम्ही हे लिहिले आहे.