ताईंचा पगार कुठल्या रकान्यात?

परवा संस्थेच्या हिशोबाची फाईल घेऊन बसलो होतो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. लिहून टाकतो. पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या.

आमची संस्था अगदी छोटी. कुंभारीला गोदूताई परुळेकर घरकुलात विडी कामगार बायकांच्या मुलींसाठी अभ्यासिका चालवतो. मी तिथला बिनपगारी खजिनदार. मागच्या वर्षी एका कंपनीचा सीएसआर निधी मिळाला आणि निधीबरोबर दोन सल्लागारही आले. एक मुलगा, एक मुलगी, मॅनेजमेंट शिकलेले, पंचविशी-सव्विशीचे. पहिला दिवस प्रेझेंटेशनमध्ये गेला. थिअरी ऑफ चेंज, आउटकम, स्केल. आमच्या अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "हे आपल्यालाच सांगतायत ना ओ?"

पण पोरं कामाची होती, खोटं कशाला बोलू. आमच्या तीन रजिस्टरांत एकच मुलगी तीन नावांनी होती. वर्षानुवर्षं आमच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांनी अर्ध्या दिवसात शोधून काढलं. मला तर खजिनदार म्हणून लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी घरोघरी सर्व्हे. टॅबवर प्रश्न मराठी-हिंदीत, आणि घरात बोलतात तेलुगू. बायका आपल्या हसून "हो हो" म्हणायच्या. शेवटी आमच्या ताईंना दुभाष्या व्हावं लागलं. ताई म्हणजे अभ्यासिका सांभाळणाऱ्या, स्वतः विड्या वळून बारावी झालेल्या. संध्याकाळी निष्कर्ष तयार: चार ते सहा हजेरी कमी, पालकांत शिक्षणाबद्दल अनास्था, उपाय म्हणून जागृती मेळावे.

मला रागच आला. याच बायकांनी लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढून दहा हजार घरं मिळवली. २००६ ला लोकार्पणाला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. ह्यांना जागृती?

ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "अनास्था नाही ओ मॅडम, ती हजार पूर्ण करायची वेळ आहे." मजुरी हजार विड्यांवर मिळते. पान भिजवा, कात्रीनं कापा, तंबाखू भरून वळा, दोरा बांधा. कारखान्यात माल देताना खराब म्हणून काही बाजूला काढतात, ती तूटही भरायची. आईचा हात कमी पडला की मुलगी सूप घेऊन बसते.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीनं टॅब बंद केला आणि एका घरात खाली बसली. विडी वळायचा प्रयत्न केला, एकही धड जमली नाही. घरातल्या बायका हसून हसून बेजार. पण अहवालातला 'अनास्था' शब्द गेला आणि अभ्यासिका साडेसातला भरवा असं आलं. आता खोली पुरत नाही. श्रेय त्या पोरीचं.

मग डोक्यातून काय जात नाहीये? शेवटच्या पानावरचा तक्ता. सल्लागारांची फी 'प्रकल्प आखणी व मूल्यमापन' या रकान्यात. ताईंचं मानधन 'प्रशासकीय खर्च' या रकान्यात, पुढं शेरा: मर्यादेपेक्षा जास्त, निम्मं करावं.

म्हणून नियम काढून वाचले. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चायचे. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं. पण जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीत सरळ लिहिलंय की हा खर्च म्हणजे कंपनीचा स्वतःचा, सीएसआरचा कारभार चालवायचा खर्च. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर थेट होणारा खर्च त्यात धरायचाच नाही. म्हणजे सल्लागारांची फी त्यांनी बरोबर रकान्यात टाकली. पण मुलींना गोळा करून रोज रात्री शिकवायला बसवणाऱ्या ताई ही अंमलबजावणी नाही तर काय आहे? कंपनीची मर्यादा आमच्या गळ्यात कशी आली?

गंमत बघा, ब्रिजस्पॅन ही सामाजिक संस्थांना सल्ला देणारी मोठी फर्म स्वतःच देणगीदारांना सांगतेय की संस्थांना खरा खर्च द्या, कार्यालय आणि माणसांचाही. म्हणजे वरच्या सल्लागारांना हे माहीत आहे. आमच्याकडे आलेल्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "सर, टेम्प्लेटच तसं आहे." त्याचा आवाज ओशाळला होता, त्याच्यावर राग नाही.

तीन दिवस दुभाष्याचं काम केलं त्याचे ताईंनी काही मागितले नाहीत. आम्हीही दिले नाहीत, हे पण लिहितो.

सोमवारी कंपनीला पत्र जातंय. नियमाची प्रत जोडलीय. मागणी एकच, ताईंचं मानधन प्रकल्प खर्चात घ्या आणि पूर्ण द्या. तोवरची निम्मी रक्कम आम्ही विश्वस्त वर्गणी काढून भरतोय. ताईंना अजून सांगितलेलं नाही. उत्तर आलं की इथेच टाकतो. आणि कुणा सीए मित्राला माझं नियमाचं वाचन चुकीचं वाटत असेल तर सोमवारच्या आत सांगा.