आवडत्या माणसाचा एक दोष



मे महिन्यात लेक, जावई आणि अकरा वर्षांची नात मुलुंडहून आमच्याकडे पार्ल्याला आठ दिवस राहायला आली होती. आपल्या घरांत संध्याकाळ किती मोठी असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, साडेसातला ओटा पुसून कोरडा होतो आणि झोपेपर्यंत चांगले तीन तास हातात असतात. टीव्ही लावला की प्रत्येकाला वेगळं काहीतरी बघायचं असतं. म्हणून नातीनं एक खेळ काढला.

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांतलं आपलं सर्वांत आवडतं पात्र सांगायचं. ते का आवडतं तेही सांगायचं. आणि मग त्याचा एक दोष आपणच सांगायचा. तो सांगता आला नाही तर बाकीचे सांगणार, आणि आपण मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं.

ज्यांनी ही पुस्तकं वाचली नसतील त्यांच्यासाठी थोडंसं. जे. के. रोलिंग या बाईंनी लिहिलेलं पहिलं पुस्तक 1997 साली आलं, सातवं 2007 मध्ये. आईवडील गमावलेला एक मुलगा जादूच्या शाळेत जातो आणि ज्यानं त्याच्या आईवडिलांना मारलं त्याच्याशी सात वर्षं झगडतो, अशी ती गोष्ट आहे. जादूटोण्याची पुस्तकं आपल्या घरात कशाला, असं मलाही आधी वाटायचं. पण आपल्या पुराणांत विद्याधर विमानांतून फिरतात, तपानं विद्या सिद्ध करतात, रूपं बदलतात. ते लहानपणापासून ऐकलेल्या बाईनं उडत्या झाडूला नाक मुरडण्यात काय अर्थ? लॉकडाउनमध्ये मी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत वाचलं आणि पुढची पुस्तकं लेकीच्या जुन्या इंग्रजी प्रतींतून, डिक्शनरी शेजारी ठेवून.

पहिला नंबर ह्यांचा. ह्यांनी हॅग्रिड निवडला. शाळेचा तो धिप्पाड, प्रेमळ राखणदार. दोष लगेच सांगितला, ‘‘पोटात काही राहत नाही. तीन डोक्यांच्या कुत्र्याला झोपवायचं कसं, तेसुद्धा अनोळखी माणसाला सांगून बसतो.’’ आम्ही सगळे हसलो, कारण आमच्या घरातला हॅग्रिड कोण ते सोसायटीलाही ठाऊक आहे.

जावयांनी स्नेप मास्तर घेतले. एका स्त्रीवर आयुष्यभर प्रेम केलं आणि तिच्या मुलाला वाचवण्यासाठी शेवटपर्यंत जीव धोक्यात घातला. दोष सांगताना मात्र ते अडखळले. नात म्हणाली, ‘‘मी सांगते. नेव्हिलच्या आईबाबांना दुष्ट लोकांनी छळून वेडं केलंय. तरी तिसऱ्या पुस्तकात त्याला सगळ्यांत जास्त भीती कुणाची वाटते? त्या लोकांची नाही, स्नेपची! वर्गातल्या सरांची!’’ जावई गप्प झाले. त्यागी माणूस घरात किंवा वर्गात कठोर असू शकतो, हे आपण काय कमी पाहिलंय?

नातीची लाडकी हर्मायनी. हुशार, खरी मैत्रीण आणि राबणाऱ्या एल्फ नोकरांची दया येऊन त्यांच्यासाठी संघटना काढणारी. ‘‘तिच्यात दोषच नाही,’’ नातीनं जाहीर केलं. लेक म्हणाली, ‘‘एल्फना न विचारता त्यांना मुक्त करायला ती टोप्या विणून लपवून ठेवते. त्यांना ते अपमानाचं वाटतं. आणि सातव्या पुस्तकात आईवडिलांच्या आठवणी पुसून त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवते. आपल्याला एक मुलगी आहे, हेही त्यांना आठवत नाही.’’

‘‘ते त्यांच्या जिवासाठी!’’ मी म्हणाले.

‘‘असेल. पण त्यांना विचारलं होतं का?’’

मध्ये बोलायचं नाही, हा नियम नातीनं मला आठवण करून दिला.

मग तिनं एक कागद घेतला. पाठशाळेत ती चार कषाय नुकतेच शिकली होती. क्रोध, मान, माया, लोभ असे चार रकाने पाडून तिनं पात्रं वाटायला सुरुवात केली. स्नेप क्रोधात. हर्मायनी, जरा कुरकुरत, मानात, कारण आपल्यालाच जास्त कळतं असं तिला वाटतं. हॅग्रिड कुठेच बसेना. मग मला विचारलं, ‘‘आजी, आपल्या पुराणात असं करता येतं का? म्हणजे चांगल्या लोकांचे दोष काढले तर पाप नाही ना लागत?’’

मी तिला रामकथा सांगितली. आपली, सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी संस्कृतात लिहिलेल्या पद्मपुराणातली. तिथे रावण दहा तोंडांचा राक्षस नाही. तो विद्याधर राजा आहे, जिनभक्त आहे. गळ्यातल्या हारात चेहऱ्याची प्रतिबिंबं पडायची म्हणून दशानन नाव पडलं. इच्छेविरुद्ध कुठल्याही स्त्रीला हात लावणार नाही, असं व्रत त्यानं घेतलंय आणि ते तो पाळतो. तरीही सीतेला पळवून आणतो आणि त्या एका मोहात सगळं घालवतो. त्याला मारतो तो राम नव्हे, लक्ष्मण. आणि सगळ्यांचा लाडका, भावावर जीव टाकणारा तो लक्ष्मण मरून नरकात जातो. रावणही जातो. पण तोच रावण पुढे कधीतरी तीर्थंकर होणार, असंही पुराण सांगतं. राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातात. नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीला आपण त्यासाठीच तर हात जोडायला जातो.

‘‘म्हणजे आवडता आहे म्हणून सूट नाही,’’ नात म्हणाली.

‘‘नाही. आणि नावडता आहे म्हणून त्याचं खातं कायमचं बंदही नाही.’’

बी.कॉम. झालेल्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही. जमेच्या बाजूला कितीही असो, नावेची बाजू लिहावीच लागते. एवढं छान बोलून मी माझं पात्र सांगितलं, डंबलडोर. शाळेचे म्हातारे मुख्याध्यापक. मी मॉली वीझली घेणार, सात मुलांची ती स्वयंपाकघरातली आई, अशी सगळ्यांची खात्री होती. पण मला डंबलडोर आवडतात. सगळ्यांची काळजी एकटा वाहणारा माणूस. दोष? मी विचार केला आणि म्हणाले, ‘‘काही नाही. थकलेत बिचारे.’’

‘‘मग मी सांगते,’’ लेक म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. ‘‘त्यांना हॅरीबद्दलचं एक भविष्य माहीत असतं. ते त्याच्यापासून लपवतात, वर्षानुवर्षं. मुलगा लहान आहे, सुखात राहू दे, असं म्हणून. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी त्याचा जवळचा माणूस जातो, तेव्हा सांगतात. चूक कबूलही करतात. तेव्हा हॅरी त्यांच्या खोलीतल्या वस्तू फोडतो. मला ते फार आवडलं होतं.’’

नात पेन घेऊन तयार होती. ‘‘कुठला कषाय?’’

‘‘माया,’’ लेक म्हणाली.

आणि माझ्या लक्षात आलं की हे डंबलडोरबद्दल नाही.

मैत्रिणींनो, 2002 साली लेक बारावीला होती. बुककीपिंग आणि एसपीचे पेपर राहिले होते, तेव्हा सांगलीला माझी आई गेली. पहाटे फोन आला. लेकीचा आज्जीवर जीव, दर सुट्टी तिच्याजवळ. मी तिला सांगितलं, आज्जीला बरं नाही, जाऊन येते. आणि ह्यांना बजावलं की शेवटचा पेपर होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पोटात काही न राहणाऱ्या त्या माणसानं आयुष्यात एकदाच गुपित सांभाळलं, तेही माझ्यासाठी.

लेक रोज संध्याकाळी सांगलीला फोन करायची. ‘‘आज्जीला दे ना.’’ मी म्हणायची, ‘‘झोपलीय.’’ एक दिवस नाही, तीन दिवस. खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूतही घातली होती.

पेपर संपल्यावर ह्यांनी तिला सांगितलं. ती रडली, पण माझ्यावर चिडली नाही. मार्क उत्तम पडले, पुढे ती सीए झाली. मी मनात म्हटलं, बघा, बरोबरच केलं. आणि तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठले, तर लेक गॅलरीत बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, ‘‘आई, ते पाचवं पुस्तक 2003 च्या जूनमध्ये आलं. आज्जीला वर्ष झालं होतं. तो शेवटचा भाग वाचून मी खूप रडले. तू म्हणालीस, गोष्टीतल्या माणसासाठी एवढं काय रडायचं?’’

मला ते आठवत नव्हतं. पण मी तसं म्हटलं असणार, माझाच शब्द वाटला तो.

सवयीनं तोंडात आलं, ‘‘तुझ्या भल्यासाठीच...’’ पण हर्मायनीची बाजू घेताना मी हेच बोलले होते. वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि म्हटलं, ‘‘चुकलं माझं. तुला सांगायला हवं होतं. पेपर द्यायचा की सांगलीला यायचं, ते तुला ठरवू द्यायला हवं होतं.’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मी कदाचित पेपरच दिला असता. पण रोज फोनवर मी तिला निरोप ठेवत होते गं, तू सांग म्हणून. ते सगळे निरोप कुठे गेले?’’

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी तिला आईच्या शेवटच्या दिवसाचं सांगितलं, जे शेजारणीनं मला सांगितलं होतं आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आदल्या दुपारी आईनं शेवया वाळवून डब्यात भरल्या होत्या. पार्ल्याला न्यायला. तो डबा मी येताना आणला होता.

‘‘त्या आपण खाल्ल्या का?’’

‘‘वर्षभर. तुला फार आवडायच्या.’’

‘‘आणि तू सांगितलं नाहीस,’’ ती म्हणाली. पण तिनं माझा हात हातात घेतला होता, तो सोडला नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच शब्द फिरतोय. मराठीत माया म्हणजे जीव लावणं. ‘आईची माया’ असं आपण किती कौतुकानं म्हणतो. शास्त्रात माया हा कषाय आहे, म्हणजे कपट. मला वाटायचं हे दोन वेगळे शब्द आहेत, नुसते दिसायला सारखे. पण मी लेकीशी जे केलं त्यात पहिली माया कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, ते मला दाखवता येणार नाही. आपण बायका परक्याला फसवायला जात नाही. आपलं कपट होतं ते घरातच, ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्याशी, त्यांच्या भल्याच्या नावाखाली. रिपोर्ट लपवतो, भांडणं लपवतो, कुणाचं काय झालं ते दोन दिवसांनी सांगतो.

आणखी एक गोष्ट मला टोचली. दर वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीला मी लेकीला ‘उत्तम क्षमा’ म्हणते. वीस वर्षांहून जास्त म्हणतेय. कळत-नकळत जे झालं असेल त्या सगळ्याची एकदम क्षमा. आम्हाला अकाउंट्समध्ये शिकवलं होतं की ज्या रकमेचं खातं कळत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायची, पण नंतर तिचं मूळ शोधून नोंद करायचीच. मी मात्र सगळंच दर वर्षी सस्पेन्समध्ये टाकत आले. ‘झोपलीय’ ही नोंद कधीच तिच्या खात्यावर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. ‘‘आजी, डंबलडोर मायेत लिहिलेत. आता तुला दुसरं पात्र निवडायचंय का?’’

लेक पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘नको. राहू दे तिला तेच. मलाही ते आवडतात.’’

भाद्रपदात दशलक्षणात तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव येतो, म्हणजे मनात एक आणि ओठांवर दुसरं नसणं. यंदा त्या दिवशी मी एवढंच करणार आहे. घरातल्या एका माणसाजवळ एकच नोंद, तारखेसकट, नाव घेऊन वाचायची. ‘पण’ न जोडता. तुम्हाला जमेल वाटलं तर तुम्हीही करून बघा. एकगठ्ठा क्षमा मागण्यापेक्षा ते अवघड आहे, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते.

जय जिनेंद्र.