पांढरे पडलेले कोपरे

पिस्तूल जुनं होत जातं ते कडांकडून. आमच्या क्लबात पॉइंट टू-टूचं एक पिस्तूल आहे, वयाने माझ्याहून थोरलंच असावं. त्याची स्लाइड अजून गडद निळी-काळी आहे. पण बारके भाग बघा. सेफ्टीचा खटका, मॅगझिन सोडायचं बटण, स्लाइड मागे अडवून धरणारी छोटी पट्टी, चापाची पुढची बाजू. सगळे पांढरे पडलेत. काळा थर जाऊन खालचं पोलाद उघडं पडलं, की त्याला रेंजवरची माणसं ‘पांढरं पडलं’ म्हणतात. खटक्यावरच्या बारीक खाचांचे उंचवटे तेवढे पांढरे आहेत, खोबणी मात्र अजून काळ्या. जिथे अंगठ्याचं मांस पोचलं नाही तिथे कारखान्यातला पहिला दिवस अजून शिल्लक आहे.

नवीन मुलांना हे खटकतं. ‘ताई, हे खराब झालंय का?’ असं हमखास कुणीतरी विचारतं. क्लबची हत्यारं बघायला एक काका येतात; सगळी नोकरी त्यांनी पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर म्हणून केली. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. चष्मा कपाळावर सरकवून ते पिस्तूल खिडकीकडे नेतात आणि म्हणतात, “रंग गेलाय, अरे. लोखंड गेलंय का ते बघ आधी.”

हा रंग म्हणजे तरी काय? तो लावलेला नसतो, तिथे रंगाचा डबा नसतोच. पोलादाच्या कातडीचंच काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेलं असतं. निसर्गात हाच पदार्थ मॅग्नेटाइट नावाने सापडतो, लोहचुंबकाचा दगड तो हाच. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंश सेल्सिअसला भाग बुडवून ठेवले की काही मिनिटांत ही कातडी तयार होते. जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड. एवढ्याशा पडद्यावर घाम, कातडं, नखं, चिंधी आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचा भार पडतो, तेव्हा तो कुठे फाटेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्याहून जुनी पद्धत मला जास्त आवडते, कारण ती सावकाश आहे. घासूनपुसून लख्ख केलेल्या पोलादाला आम्लाचं पातळ द्रावण लावायचं आणि दमट जागेत ठेवून मुद्दाम गंज चढू द्यायचा. मखमली तांबूस गंज धरला की भाग उकळत्या पाण्यात टाकायचा. लाल गंज काळा होतो. मग वरची भुकटी तारेच्या मऊ ब्रशने झाडून काढायची आणि पुन्हा गंज चढवायचा. असं पुन्हा पुन्हा, दिवस दिवस. काट्याने काटा काढायचा तो असा. गंजापासून वाचवायला गंजाचंच चिलखत. आणि त्या चिलखतातही सूक्ष्म छिद्रं असतात, म्हणून तेल हवंच. एकटा काळा थर कोकणातला एक श्रावणसुद्धा निभावून नेणार नाही.

लहान भागांच्या रंगाचा खरा थाट बघायचा तर जर्मन लुगर पिस्तूल बघावं. १९०८ मध्ये जर्मन सैन्याने ते स्वीकारलं, म्हणून त्याला पी-०८ म्हणतात. त्या काळच्या लुगरचं अंग काळंभोर. पण चाप, सेफ्टीचा खटका, मॅगझिनचा खटका, पिस्तूल उघडायची छोटी कळ, हे भाग मात्र पिवळे, पिकत आलेल्या गव्हाच्या काडीसारखे. तो मुलामा नव्हे. घासलेलं पोलाद २२० ते २३० अंशांपर्यंत तापवलं, की त्यावर ऑक्साइडचा इतका पातळ थर येतो की प्रकाशाच्या लाटा त्याच्या वरून आणि खालून परतताना एकमेकींत मिसळतात आणि डोळ्याला पिवळं दिसतं. आणखी तापवलं तर तपकिरी, मग जांभळा, तीनशेच्या आसपास मोरपंखी निळा. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर जे रंग उमटतात त्यामागचं कारण हेच. एका मिलिमीटरचे लाख भाग केले, तर त्यांतले चार-सात भाग एवढीच या थराची जाडी. आपल्याकडचा लोहार धारेला पाणी दिल्यावर पातं पुन्हा शेकवतो, तेव्हा डोळे बारीक करून हेच रंग वाचत असतो. पातं कधी काढायचं ते त्याला रंगच सांगतो.

गंमत अशी, की हा सगळ्यात नाजूक रंग लुगरवाल्यांनी नेमका त्या भागांना दिला ज्यांना बोट सगळ्यात जास्त लागतं. हट्टच म्हणायचा. १९३७ च्या सुमारास माउझरच्या कारखान्याने हा प्रकार थांबवला आणि लहान-मोठे सगळे भाग एकजात क्षारांच्या द्रावणात काळे केले. त्यामुळे आज संग्राहक लुगर हातात घेतो तो आधी नळीकडे बघत नाही. चापाच्या कडेला, बोट न पोचणाऱ्या सांध्यात, थोडासा पिवळा उरलाय का ते शोधतो. चाप सगळाच्या सगळा झगझगीत पिवळा असला तर त्याला आनंदाऐवजी शंका येते. शंभर वर्षांत कुणाचंच बोट लागलं नाही?

संग्राहकांच्या जगात मूळ रंग टक्क्यांत मोजतात. नव्वद टक्के, साठ टक्के, वीस टक्के. हिशेब थोडा वाण्याचा वाटतो, पण त्यामागची जाण खरी आहे. झिजलेलं मूळ पिस्तूल पुन्हा काळं करून चकचकीत केलं, तर त्याची किंमत बहुतेक वेळा उतरते. कारण पुन्हा काळं करण्याआधी ते घासावं लागतं. घासताना कोरलेल्या अक्षरांच्या कडा मऊ होतात, स्क्रूंच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात, धारदार कोपरे गोल होतात. झीज लपवायच्या नादात जास्तीची झीज केली जाते, आणि तीही नको तिथे. बाटलीतलं थंड औषध लावून पांढरे डाग काळे करणारेही आहेत. त्या औषधात सेलेनियम असतं. डाग तासाभरासाठी छान दिसतो, मग शेजारच्या रंगाहून वेगळाच करडा उठून दिसायला लागतो आणि पुढच्या काही सरावांत पुसलाही जातो. मला तो प्रकार बघवत नाही. पण हे माझं मत. काकांना तर यावर मत द्यायचंसुद्धा नसतं, ते फक्त हसतात.

काकांकडून मी जे शिकले ते झीज बघायला नव्हे, वाचायला. जिथे दोन भाग एकमेकांना भेटायला हवेत तिथे ते चकाकले, तर उत्तम. स्लाइड ज्या रुळांवर धावते ते रूळ, नळीचा मागचा माथा, नळीच्या तोंडाजवळ स्लाइड जिथे टेकते तिथलं अर्धवर्तुळ. नव्या पिस्तुलात या जागा पहिल्या काही शे गोळ्यांत पांढऱ्या होतात आणि मग झीज जवळजवळ थांबते. उंचवटे गेले, पृष्ठं एकमेकांना बसली. दोन्ही बाजूंना सारखी चकाकी असली, तर भाग सरळ धावतायत. एकाच बाजूला असली तर मात्र काका गप्प होतात. आणि बोटाच्या नखाला अडेल अशी धार उठली असेल, धातू दबून कडेला ओठासारखा बाहेर आला असेल, तर ती रंगाची झीज उरली नाही. तिथे लोखंड हललंय.

रिव्हॉल्व्हरमध्ये ही भाषा आणखी बारीक होते. सिलिंडरभोवती खाचेपासून खाचेपर्यंत एक बारीक रेघ उमटते, कारण सिलिंडर थांबवणारा छोटा खिळा फिरताना त्याला घासत राहतो. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरवर ही रेघ असायचीच, तिची चिंता करायची नाही. जुन्या कोल्टवर तीच रेघ सगळीकडून फिरलेली दिसली, तर विचारावं लागतं. कारण कोल्टचा खिळा खाचेच्या अगदी अलीकडे पडावा अशी त्याची घडण असते. तीच खूण, तीच जाडी. एका घराण्यात रीत, दुसऱ्यात तक्रार.

आणि सगळ्यात महत्त्वाची झीज दिसतच नाही. घोडा अडवून धरणारा सिअर नावाचा इवलासा तुकडा पिस्तुलाच्या पोटात असतो. त्याची धार बोथट झाली तर पिस्तूल चाप न ओढताही सुटू शकतं. बाहेरचा खटका पांढराफटक पडला म्हणून काळजी करणाऱ्याला हे सांगावं लागतं, की भीती बाळगायची तर त्या न दिसणाऱ्या, अजून काळ्याशार असणाऱ्या तुकड्याची बाळग. त्याला हौशी माणसाने कानस लावायची नाही, एवढं एकच काका दरडावून सांगतात.

एकदा त्यांनी मला क्लबच्या त्याच जुन्या पिस्तुलाची उजवी बाजू दाखवली. चापाच्या वर, सांगाड्यावर, बोटभर लांबीचा एक मंद पट्टा होता; काळा गेला नव्हता, नुसता मळकट-मऊ झाला होता. “हे कशाने झालं, सांग.” मला सांगता आलं नाही. निशाण्यावर नजर बसेपर्यंत तर्जनी चापावर ठेवायची नसते, चापाच्या वर सरळ आडवी ठेवायची असते. आमच्या सगळ्यांच्या तर्जन्यांनी मिळून तो पट्टा घासला होता. पिस्तुलावर झिजलेली एक जागा सेफ्टीची, आणि दुसरी ही. दोन्ही न झाडण्याच्या जागा. २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा बातम्यांतल्या फोटोत सगळे तिचं हसू बघत होते. मी फोटो मोठा करून तिच्या तर्जनीकडे बघत बसले.

शस्त्रागारातल्या गोष्टी काका फारशा सांगत नाहीत. पण कमरेच्या रिव्हॉल्व्हरांबद्दल बोलायला त्यांना आवडतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार रोज घालायचं, काढायचं. नळीच्या तोंडाच्या कडा आणि सिलिंडरचे फुगवटे आधी पांढरे होतात. चामडं कमावताना वापरलेले पदार्थ आणि त्यात मुरलेला घाम, दोन्ही पोलादाला बाधतात, म्हणून रात्री हत्यार होल्स्टरमधून बाहेर काढून ठेवायचं हा नियम. पावसाळ्यात तर फारच. कुणाकुणाच्या हाताला तर इतका खारट घाम येतो, की सकाळी पुसून दिलेल्या हत्यारावर संध्याकाळी बोटांचे तांबूस ठसे उमटलेले असतात. “ठसे घ्यायला शाई लागायची नाही त्यांचे,” काका म्हणतात.

अशी रिव्हॉल्व्हरं त्यांच्याकडे तपासणीला यायची. बाहेरून अर्धी पांढरी, दस्त्याच्या लाकडावरच्या चौकडी सपाट झालेल्या, घोड्याची शेपटी गुळगुळीत. आणि नळीतून उजेडाकडे बघितलं तर आतले पीळ नव्यासारखे, कडा धारदार. एखाद्या माणसाच्या कमरेला ते वीस-पंचवीस वर्षं राहिलेलं असायचं. बंदोबस्त, गणपती, निवडणुका, रात्रीच्या गस्ती. वार्षिक सराव सोडला, तर त्यातून गोळी सुटलेलीच नसायची. काका अशी हत्यारं टेबलावर ठेवून थोडा वेळ बघत बसायचे, असं ते सांगतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असेल, ते अजूनही सांगताना येतं. त्याला अभिमान म्हणावं तर तो कुणाचा, हे मला नीट उमगलेलं नाही.

संग्रहालयात जुन्या तलवारींच्या मुठी बघताना आता माझी नजर आपोआप झिजलेल्या जागेकडे जाते. कोफ्तगिरीचं काम असलं तर लोखंडावर आधी आडव्या-उभ्या बारीक रेघा ओरखडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. तळहात जिथे दाबून बसतो तिथलं सोनं उडतं आणि खालच्या रेघांची जाळी उघडी पडते. सोनं शाबूत असलेली मूठ देखणी असते, पण ती बहुधा दरबारातच वावरली असणार. जाळी उघडी पडलेली मूठ हातात वावरली. ती कशासाठी वावरली हे मात्र जाळी सांगत नाही. रोज सकाळी हवेत चार हात फिरवून पुन्हा म्यान करणाराही ती तितकीच झिजवतो.

खंडेनवमीला क्लबात हत्यारांची पूजा असते. झेंडूची फुलं, हळदीकुंकू, नारळ. पूजा झाली की प्रसादाआधी काकांची लगबग सुरू होते, कारण कुंकवाचा ओलसर ठिपका पोलादावर रात्रभर राहू देणं त्यांना सहन होत नाही. तेलाची चिंधी घेऊन ते एकेक पिस्तूल पुसतात. एका बाईंनी एकदा विचारलं, देवाचं कुंकू लगेच पुसताय का म्हणून. “देवाने बघितलं, बाई. आता हवा बघेल.”

अलीकडे काही मुलं ग्लॉक जातीच्या पिस्तुलांबद्दल विचारतात. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारलं. त्याच्या पोलादात नायट्रोजन मुरवून वरचा भागच कठीण केलेला असतो आणि काळेपणा त्याच्यावरचा नुसता पातळ थर. तो काळा उडाला तरी खालचं संरक्षण तसंच राहतं. काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते खूश झाले. “म्हणजे रंग नुसता दिसायलाच. बरंय की.” मग त्यांनी प्लास्टिकचं एक नवं, कडक होल्स्टर हातात घेऊन आतून बोट फिरवलं. चामड्यासारखं ते हत्याराला सगळीकडून धरत नाही. दोन-चार जागीच घट्ट पकडतं. “आता पांढरं होईल ते इथे, इथे आणि इथे,” ते बोटाने दाखवत म्हणाले, आणि पेन मागवून वहीत त्या जागांचं चित्र काढायला बसले.