कोरीव कामासाठी पहिली चेनसॉ

चेनसॉ हे मुळात झाडे पाडण्यासाठी आणि ओंडके कापण्यासाठी घडलेले यंत्र आहे. कोरीव काम त्याच्या वाट्याला पुष्कळ नंतर आले, आणि म्हणूनच दुकानदार ज्यांची प्रथम वाखाणणी करतो त्या इंजिनाची ताकद व बारची लांबी या गोष्टी शिल्प घडवू पाहणाऱ्या नवशिक्याच्या दृष्टीने दुय्यम ठरतात. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी चेनसॉ तयार केली, ती ओंडके कापण्यासाठीच. पुढे हे यंत्र एका माणसाला पेलेल इतके हलके झाले, तेव्हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत त्यावर शिल्पकामाची परंपरा उभी राहिली, आणि आज ऑरेगनमधील रीड्सपोर्ट व पेनसिल्व्हेनियातील रिजवे ही गावे अशा कारागिरांच्या मेळाव्यांसाठी ओळखली जातात.

इंजिनाची क्षमता सीसीमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या घनफळात मोजतात. नवशिक्याला ३० ते ४० सीसीची, बार आणि चेन वगळता चार-साडेचार किलो वजनाची चेनसॉ पुरेशी असते, कारण झाड पाडताना यंत्राचा भार बराचसा खोडावर टेकलेला असतो, तर कोरताना ते तासन्‌तास हवेत, वेगवेगळ्या कोनांत धरावे लागते आणि दमलेला हात चुकीच्या जागी घसरतो. मागची मूठ असलेली, दोन्ही हातांनी धरायची रचनाच घ्यावी. वरच्या मुठीची छोटी चेनसॉ हाताळायला सोपी दिसली, तरी ती झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी असते आणि एका हाताने चालवण्याचा मोह निर्माण करते. विजेवरच्या चेनसॉला धूर नसतो व आवाज कमी असतो, त्यामुळे घराजवळ काम करणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा.

खरी निवड असते ती बारची. ज्या लांबट पोलादी पट्टीच्या कडेने चेन फिरते तिला बार म्हणतात, आणि साध्या बारचे टोक रुंद असते. त्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला भिडला, की चेनचे दात अडकून सबंध यंत्र क्षणार्धात वर आणि चालवणाऱ्याच्या दिशेने उसळते. या उसळीला किकबॅक म्हणतात. ओंडके कापणारा हे टोक लाकडापासून दूर ठेवू शकतो, पण डोळे, पिसे किंवा कपड्याच्या चुण्या कोरणाऱ्याला नेमके टोकच वापरावे लागते. यासाठी कोरीव कामाचा वेगळा बार मिळतो. त्याचे निमुळते टोक अमेरिकी नाण्यांच्या आकारावरून डाइम (सुमारे १८ मिलिमीटर) किंवा क्वार्टर (सुमारे २४ मिलिमीटर) या नावांनी ओळखले जाते. एवढ्याशा टोकावर एका वेळी थोडेच दात लाकडात शिरत असल्याने उसळी पुष्कळ कमी होते, तरी ती नाहीशी होत नाही. डाइम टोकासाठी पाव इंची पिचची चेन लागते. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधील अंतराचे माप, आणि ते बार, चेन व चेन फिरवणारे दातेरी चाक या तिन्हींचे जुळावेच लागते. म्हणून चेनसॉ घेतानाच, पुढे तिच्यावर असा बार आणि त्याला जुळणारे चाक बसते का, हे विचारून घ्यावे. या बारच्या टोकाशी फिरती चकती नसते, त्यामुळे तेथे घर्षण अधिक होते. चेनला तेल मुबलक पोहोचणे हे त्याच्या आयुष्याचे पहिले गमक आहे.

बोथट चेन लाकूड कापत नाही, घासते. ढलप्यांऐवजी बारीक पीठ पडू लागले, की गोल कानस हाती घ्यावी आणि प्रत्येक दातावर सारख्याच कोनात, सारख्याच वेळा फिरवावी. दात एका बाजूला अधिक घासले गेले, तर काप सरळ न जाता वाकतो. लाकडाची निवडही येथे येते: सागात सिलिकेचे सूक्ष्म कण असल्याने तो चेनची धार लवकर मारतो, बाभूळ फार कठीण असते, तेव्हा सरावासाठी आंब्याचे किंवा तत्सम तुलनेने मऊ, ताजे लाकूड बरे.

चेनसॉचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो आणि तिची सततची कंपने बोटांच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम करतात. म्हणून किकबॅक होताच चेन तत्काळ थांबवणारा ब्रेक व कंपनरोधक मुठी असलेलीच चेनसॉ घ्यावी. आणि कर्णरक्षक, चष्मा व चेन लागताच धागे सुटून चाकात गुंतणारे, चेन अडवणारे पायरक्षक यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. खर्चाचा क्रम आधी संरक्षण, मग हलके यंत्र, त्यानंतर कोरीव कामाचा बार असा ठेवावा, आणि ज्याला स्वतःच्या चेनची धार अजून राखता येत नाही, त्याने दुसरी, मोठी चेनसॉ घेण्याची घाई करू नये.