बाकावरचा माणूस

आमच्या लहानपणी मास्तर रागावले, म्हणजे मुलाला बाकावर उभे करीत. नुसते बाकावर बसणे ही काही शिक्षा नव्हती. त्यासाठीच तर आम्ही शाळेत जात होतो! परंतु माझा भाचा परवा तोंड एवढेसे करून म्हणाला, "मामा, मी बेंचवर आहे," तेव्हा बसणे हे उभे राहण्याहून जड असू शकते, हे मला प्रथमच कळले.

भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअर कन्सल्टंट आहे. कन्सल्टंट म्हणजे सल्लागार. पण लोडाला टेकून मसलत देणारा कारभारी कुणाच्या डोळ्यांपुढे येत असेल, तर त्याने तो खुशाल पुसून टाकावा. हा सल्लागार तासांवर विकला जातो. दिवसभर काय केले, ते टाइमशीट नावाच्या तक्त्यात भरायचे. गिऱ्हाइकाच्या बिलात चढतील ते तास 'बिलेबल'. एक काम संपले आणि दुसरे मिळाले नाही, की माणूस बेंचवर. पगार चालू असतो, झोप मात्र बंद होते. कारण त्या बाकावर फार दिवस कुणाला बसू देत नाहीत.

बरे, काम असताना तरी सुख? गिऱ्हाईक न्यूयॉर्कचे. आपले घड्याळ तिथल्याहून उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती मंडळी आपली घड्याळे तासभर मागे घेतात आणि रात्री साडेआठची बैठक साडेनऊवर जाते. दिवाळीच्या आगेमागे अमेरिकेचा सूर्य आमच्या ताईच्या घरची पाने अशी तासभर लांबवतो!

"तक्त्यात किती तास लिहितोस?" मी विचारले.

"आठ."

"आणि काम?"

"अकरा."

"मग मधले तीन कुणाचे?"

"ते माझे," तो म्हणाला.

जे तास त्याच्या हाती कधी लागलेच नाहीत, तेवढेच त्याचे!

मी म्हटले, "अरे, मग आता मजेत राहा. सिंहगड चढून ये." तो म्हणाला, "आणि तेवढ्यात फोन आला तर?" चहा निवला, तरी त्याची नजर फोनवरच.

आपल्या भाषेनेही रिकाम्या माणसाला कधी चांगले म्हटलेले नाही. रिकामटेकडा काय, भिंतीला तुंबड्या लावणारा न्हावी काय! पण त्याच भाषेत 'सवड' नावाचा गोड शब्द आहे. आणि सवड उरत नाही. ती 'काढावी' लागते. तीन वर्षे ज्या सवडीसाठी हा मुलगा तळमळला, ती दारात आली तेव्हा त्याला तिची भीती वाटली, याचे मला फार वाईट वाटले.

गेल्या आठवड्यात त्याला नवे काम मिळाले. ताईने पेढे पाठवले. पेढा तोंडात टाकून मी फोन उचलला खरा. पण त्याचे अभिनंदन करावे की समाचार घ्यावा, हे काही केल्या ठरेना. शेवटी एवढेच विचारले, "जेवलास का रे?"

तो म्हणाला, "मामा, बैठक संपली की."