आधी टेप, मग आकडा

खुर्चीत टेकता टेकताच बहुतेकजणी आकडा सांगून मोकळ्या होतात. "मॅडम, मला साडेतीनशे करायचंय." साडेतीनशे म्हणजे साडेतीनशे सीसीचं सिलिकॉन इम्प्लांट. हा आकडा आला कुठून, असं विचारलं की एखादी मैत्रीण निघते, नाहीतर पर्समधून फोन निघतो. फोनवर कुणीतरी मुलगी, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, खाली आकडा. फोटोतली चांगली उंच, खांद्यांनी रुंद. समोर बसलेली जेमतेम पाच फूट, चणीनं बारीक. तिला शोभलेले साडेतीनशे हिच्या छातीवर पार काखेपर्यंत जातील, हे फोटो सांगत नाही.

मी तेव्हा वाद घालत नाही. कासार बांगड्या भरायला बसला की बाईला आकडा विचारत बसत नाही. हात हातात घेतो, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघतो आणि मगच बांगड्या काढतो. माझंही काहीसं तसंच. आधी टेप.

माप घेताना सिस्टर खोलीत असतेच. सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, पोट आत ओढायचं नाही (हे सगळ्यांनाच सांगावं लागतं). गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना वेगवेगळं मोजायचं. ते तंतोतंत सारखं असलेली बाई क्वचितच भेटते, आणि हे तिला आरशासमोर उभं करून ऑपरेशनच्या आधीच दाखवायचं. नंतर दाखवलं तर ती सबब वाटते. मग स्तनाच्या बुडाची रुंदी. त्वचा पुढे किती ओढली जाते ते. स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर, त्वचा ताणून. त्या घडीपाशी एकदा आणि स्तनाच्या वरच्या भागात एकदा, कातडी आणि चरबी चिमटीत धरून कॅलिपर लावायचा. वरची चिमूट दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर इम्प्लांटचा वरचा भाग छातीच्या स्नायूखाली झाकावा लागतो. नाहीतर त्याची कड आणि त्याच्यावरच्या सुरकुत्या पुढेमागे कातडीतून दिसायला लागतात.

डॅलसच्या जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स या सर्जननी २००५ मध्ये पाच मापं, पाच निर्णय आणि पाच मिनिटं अशी पद्धत मांडली. मी ती मनापासून मानते. मापांना पाच मिनिटं खरोखरच पुरतात. बोलण्याला तास लागतो तो वेगळा.

समजा, बुडाची रुंदी साडेअकरा सेंटिमीटर आली. मग इम्प्लांट त्याहून रुंद घेणं शहाणपणाचं नाही. हावरटपणा केला तर दोन्ही बाजू मधोमध एकमेकींना भिडतात, आणि ती मधली जागा परत मिळवणं महाकर्मकठीण. रुंदी पक्की झाली की फरक उरतो तो फक्त उंचवट्याचा. तेवढ्या रुंदीला कंपनीच्या तक्त्यात साधारण सव्वादोनशेपासून सव्वातीनशेपर्यंतचे पर्याय असतात. "म्हणजे साडेतीनशे होणारच नाही?" होईल की. शोधलं तर करून देणाराही मिळेल. पण साडेतीनशेची जोडी म्हणजे जवळजवळ पावणेसातशे ग्रॅम वजन, चोवीस तास, पातळ कातडीवर टांगलेलं. कातडी ताणते, आतली ग्रंथी दबून आणखी पातळ होते, इम्प्लांट खाली सरकतं. पस्तिशीत झोकदार दिसलेलं पंचेचाळिशीत पुन्हा टेबलावर घेऊन येतं.

कपाच्या मापाचं वचन मी देत नाही. बत्तीस सी आणि छत्तीस सी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुकान बदललं की दोन्हीही बदलतात.

आता तांदूळ. हल्ली थ्री-डी कॅमेरे आलेत. फोटो काढला की संगणक पडद्यावर नवी छाती उभी करून देतो. दिसतं फार सुरेख, आणि तिथंच माझा विश्वास डळमळतो. पडद्यावरच्या कातडीला ना वजन कळतं, ना वय. म्हणून क्लिनिकात ब्रामध्ये ठेवून बघायचे सिलिकॉनचे नमुने असले तरी मी घरी पाठवताना तांदळाचा उपाय सांगते. पातळ मोजा किंवा मलमलचा तुकडा घ्यायचा, मिलिलिटरच्या खुणा असलेल्या कपानं मोजून तांदूळ भरायचे, गाठ मारायची आणि पॅड नसलेल्या ब्रामध्ये ठेवून दोन-तीन दिवस वावरायचं. कोलम घ्या नाहीतर आंबेमोहोर, काही फरक पडत नाही. बाहेर ठेवलेलं माप आत बसवलेल्यापेक्षा थोडं मोठं भासतं, तेवढं लक्षात ठेवायचं. पण त्या पुरचुंड्या घालून स्वयंपाक करायचा, स्कूटर चालवायची, जिना चढायचा, गर्दीच्या बसमध्ये उभं राहायचं. नेहमीचा कुडता घालायचा आणि लग्नकार्यातला ब्लाउजही.

एक शिक्षिका तीनशेच्या पुरचुंड्या घालून शाळेत गेली. परत आली ती म्हणाली, "मॅडम, फळ्यावर लिहिताना दंड घासतो. आणि स्टाफरूममध्ये ओढणी सारखी पुढे ओढत होते." मग तिनं स्वतःच तांदूळ कमी केले. दुसरी एक उलट म्हणाली, "दोनशेचं घालून दिवसभर हिंडले, घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढा खर्च करून कुणाला कळूच नये असं थोडंच आहे?" तिचंही खरंच होतं. तिच्या छातीची रुंदी पाहता तिला वाव होता, आणि आम्ही वर गेलो.

आकड्यामागे दडलेलं काय आहे ते काढायला मात्र टेप उपयोगी पडत नाही. दोन मुलांना अंगावर पाजून झालेली बाई म्हणते, "ब्लाउज वरून फुगा धरतो, टेलर कप घालून देतो, कंटाळा आला." तिच्याकडे बघितल्यावर कळतं की स्तनाग्र घडीच्या खाली उतरलंय. तिला मोठं व्हायचं नाहीये, गेलेलं जागेवर आणायचंय. त्याला वर उचलण्याचं ऑपरेशन लागतं, त्याचे व्रण जास्त, आणि नुसतं इम्प्लांट भरलं तर लोंबणाऱ्या कातडीत वजनाची भर पडते. हे ऐकून काहीजणी उठून जातात. जाऊ द्यावं.

आणि खोलीत बोलतंय कोण, याकडे माझं बारीक लक्ष असतं. प्रश्न हिला विचारावा आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतून यावं, असं दोनदा झालं की मी म्हणते, "तुम्ही जरा बाहेर बसता का? चहा सांगते." दार लागल्यावर कधी आकडा शंभरानं खाली येतो. कधी आकडाच राहत नाही, नुसतं रडू येतं. अशा वेळी मी ऑपरेशनची तारीख देत नाही. लग्न ठरलंय, साखरपुड्याआधी उरकायचंय, अशा घाईलाही नाही.

या बाबतीत आमच्या धंद्याचा इतिहास काही फार अभिमानाचा नाही. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी बसवलं. ती बाई, टिमी जीन लिंडसे, सहा मुलांची आई. ती गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. मोठं करा असं तिनं म्हटलंच नव्हतं, डॉक्टरांनीच तिला विचारलं. तिला खरं तर पुढे आलेले कान मागे घ्यायचे होते. तेही करून देतो म्हटल्यावर ती तयार झाली. म्हणजे पहिल्याच खेपेला बाईचं म्हणणं एक आणि सर्जनचं मन दुसरीकडे.

पुढचंही सांगते, कारण मी ते प्रत्येकीला सांगते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर कडक बंधनं घातली, ती २००६ मध्ये उठली. २०१० मध्ये फ्रान्सची पीआयपी ही कंपनी औद्योगिक सिलिकॉन भरताना सापडली आणि तिच्या मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गननं खरखरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट्स जगभरातून परत घेतली, कारण त्यांचा संबंध एका दुर्मिळ लिम्फोमाशी लागला होता. २०२१ पासून एफडीएनं ठळक चौकटीतला इशारा आणि बाईनं वाचून सही करायची यादी सक्तीची केली. तो नियम अमेरिकेचा, पण ती यादी मी मराठीत समजावून सांगते. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. भोवतीचं आवरण कडक होऊ शकतं, दुखू शकतं, आकार बिघडू शकतो. स्तनाग्राची संवेदना बदलू शकते. मॅमोग्राफीच्या वेळी आधी सांगावं लागतं, जास्तीच्या फिल्म काढाव्या लागतात. जेल आत फुटलं तर हाताला कळेलच असं नाही, म्हणून काही वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करत राहायचं. हा खर्च मेडिक्लेममध्ये बसत नाही.

"एवढं शिकून हेच करायचं होतं का?" असं नातेवाइकांत अजून विचारतात. प्रश्न अगदीच वाकडा नाही. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, मुंबईत जे. जे.मध्ये नोशीर अंतिया यांनी भाजलेल्यांवर आणि कुष्ठरोग्यांवर काम केलं. आम्ही त्या परंपरेत फाटलेले ओठ शिवत आणि आखडलेल्या माना सोडवत शिकलो. एका बाजूचा छातीचा स्नायूच जन्मतः नसलेली मुलगी आली की सगळे म्हणतात, हे योग्य. धडधाकट बाई आली की ओठ मुरडतात. मला हा भेद पटत नाही. तिला हवंय, किंमत तिला ठाऊक आहे आणि कुणी तिला ढकललेलं नाही, एवढं पुरे.

तेव्हा बाईनं सर्जनकडे जाताना काय करावं? एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे का, ते तोंडावर विचारावं, आम्हाला राग येत नाही. टेप न काढता आकडा सांगणाऱ्याकडून उठावं. पहिल्या भेटीत अ‍ॅडव्हान्स भरू नये. भूल कोण देणार, हॉस्पिटल कोणतं, दुसऱ्यांदा उघडावं लागलं तर खर्च कुणाचा, हे लिहून घ्यावं. आणि ऑपरेशननंतर मिळणारं इम्प्लांटचं कार्ड, ज्यावर कंपनी, प्रकार, सीसी आणि सीरियल नंबर असतो, ते मागून घ्यावं, त्याचा फोटो काढून ठेवावा. २०१९ मध्ये ज्यांच्याकडे ते कार्ड होतं, त्यांना आपलं इम्प्लांट परत मागवलेल्यांपैकी आहे की नाही ते लगेच तपासता आलं. ज्यांच्याकडे नव्हतं, त्यांना जुन्या फायली शोधत हॉस्पिटलांच्या रेकॉर्डरूममध्ये फिरावं लागलं.