ताबा: प्रतीकात्मक

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी मी पिंपळे सौदागरमधल्या एका टू बीएचकेची बेल वाजवली. बँकेच्या लिलावात निघालेला फ्लॅट. राखीव किंमत बाजारभावापेक्षा 14 लाखांनी कमी. ईएमआय, भाडं, पाच वर्षांनी विक्री, सगळं एक्सेलमध्ये मांडून झालं होतं.

दार काकांनी उघडलं. "लिलावाचं ना? या." पाणी दिलं आणि चक्क घर दाखवायला लागले. "किचनच्या ट्रॉल्या दोनच वर्षांपूर्वी केल्यात."

जाहिरातीतला 'प्रतीकात्मक ताबा' मी वाचला होता, अर्थ तिथे लागला. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक आधी 60 दिवसांची नोटीस देते, मग दारावर ताब्याची नोटीस चिकटवते. कागदावर ताबा बँकेचा, आत माणसं तशीच. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कर्जदार डीआरटीत गेला तर तारखा. विक्री 'जसे आहे, जिथे आहे', म्हणजे सोसायटीची थकबाकीही बहुधा आपल्याच गळ्यात. 14 लाखांची सूट बँकेचा उदारपणा नव्हता. काकांना बाहेर काढण्याच्या कटकटीची ती किंमत होती.

अमेरिकेतल्या माझ्या मित्राने शॉर्ट सेलमध्ये घर घेतलंय. तिथे मालक स्वतःच घर विकतो, कर्जापेक्षा कमी रकमेला, आणि बँक त्याला मान्यता देते. 2008 च्या मंदीनंतर असे व्यवहार खूप झाले. बँकेच्या होकाराची वाट बघून मित्र वैतागला होता, पण किल्ली मालकाने हातात दिली. आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे वन टाइम सेटलमेंट. काकांनी ते मागितलं होतं म्हणे. गिऱ्हाईक मिळेपर्यंत मुदत संपली.

पुढे यात पैसा आहे का? सरकारी बँकांच्या मालमत्ता आता एकाच पोर्टलवर दिसतात आणि माझ्यासारखे कितीतरी जण एक्सेल उघडून बसलेत. रिकामे, बिनभानगडीचे फ्लॅट फार काळ स्वस्त राहणार नाहीत असं मला वाटतं. स्वस्त उरतील ते आत माणसं असलेले.

मी बोली लावली नाही. काकांकडे बघून, असं सांगायला आवडलं असतं. खरं कारण म्हणजे लिलाव जिंकल्यावर 25 टक्के दुसऱ्या दिवसापर्यंत आणि उरलेले 15 दिवसांत भरायचे होते. तेवढ्यात माझं लोन होणार नव्हतं, आणि मुदत चुकली तर भरलेले पैसे जप्त.

मे महिन्यात तो फ्लॅट पुन्हा यादीत दिसला. राखीव किंमत आणखी खाली. ताबा: प्रतीकात्मक. मी शीट उघडली आणि नवा आकडा टाकून बघितला.